जुन्या सबवूफरच्या जोडीला नवा घेताना

चवथीच्या तोंडावर नवा सबवूफर (फक्त खर्ज, म्हणजे खोल आवाज देणारा स्पीकर) घेणारे बरेच ग्राहक विचारतात, की घरातला जुना काढून टाकावा की नव्याच्या जोडीला ठेवावा. तो ठेवता येतो. मात्र दोन वेगळ्या जातींचे सबवूफर एकत्र वाजू लागले म्हणजे खर्ज दुप्पट होतो ही समजूत खरी नाही, काही सुरांवर तो आधीपेक्षा कमीही होतो.

सारख्या ताकदीचे दोन्ही सबवूफर आपल्या बैठकीपाशी एकाच वेळी हवा ढकलत असतील तर आवाज जास्तीत जास्त 6 डेसिबलने वाढतो, आणि एक ढकलत असताना दुसरा ओढत असेल तर ते एकमेकांना खाऊन टाकतात. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 6.9 मीटर असल्यामुळे एक सबवूफर बैठकीपासून दुसऱ्यापेक्षा साडेतीन मीटर लांब असला तरी त्या सुराला खड्डा पडतो. अंतराचा हा दोष रिसीव्हरमध्ये (स्पीकरना सिग्नल देणाऱ्या मुख्य यंत्रात) प्रत्येकाचे अंतर वेगळे भरून दूर होतो. पण त्यासाठी आउटपुट खरोखर स्वतंत्र हवेत, आणि अनेक रिसीव्हरना मागे दोन सॉकेट असूनही आत सिग्नल एकच असतो.

खरी अडचण बंद पेटी आणि पोर्टची (हवा आत-बाहेर जाणाऱ्या नळीची) पेटी यांच्या जोडीत येते. खालच्या सुरांकडे जाताना बंद पेटीचा आवाज दर सप्तकाला 12 डेसिबलने घटतो, तर पोर्टच्या पेटीचा आवाज पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याखाली 24 डेसिबलने, आणि त्याच पट्ट्यात तिची फेज, म्हणजे हवा ढकलण्या-ओढण्याची वेळ, हीही फिरते. त्यामुळे 60 हर्ट्झला जुळलेली जोडी 25 हर्ट्झला भांडू शकते आणि फेजच्या एका बटणाने दोन्ही ठिकाणे सुधारत नाहीत. शिवाय 35 हर्ट्झला जुळवलेल्या पोर्टच्या छोट्या पेटीला 20 हर्ट्झचा सिग्नल दिला तर तिचा कोन (हवा हलवणारा पडदा) बेलगाम हलतो आणि फडफडतो. अशा पेटीला फिल्टर लावून साधारण 40 हर्ट्झच्या वरचाच भाग द्यावा, असे आमचे मत आहे.

जुळवताना प्रत्येक सबवूफर एकेकटा वाजवून आपल्या बैठकीवर मापन घ्यावे, मग दोन्ही एकत्र, आणि एकाची फेज 0 व 180 अंशांवर ठेवून पुन्हा. पर्वरी-पणजीकडच्या काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये खर्ज कोंडून राहतो, कौलारू घरात तो छपरातून निसटतो. म्हणून शेजाऱ्याच्या घरी जमलेली जुळणी आपल्याकडे उतरवू नये. एकत्र मापन नव्या एकट्यापेक्षा चांगले आले नाही, तर विक्री कमी झाली तरी चालेल, आम्ही जुन्याची वायर काढायला सांगतो.

दाखवायला आणण्यापूर्वी जुन्याच्या कोनाभोवतीची फोमची कड बोटाने हलकेच दाबून पाहावी. आपल्याकडच्या दमट हवेत ती कुजते, आणि हातात भुगा आला तर ती बदलल्याशिवाय पुढचे मापन व्यर्थ आहे.