तिरकी बाजू: कागदापासून कॅडपर्यंत

३०° कललेल्या बाजूवर, त्या बाजूला काटकोनात, २० मिमी व्यासाचं भोक पाडायचंय. प्लॅनमध्ये, म्हणजे वरून पाहिलेल्या चित्रात, ते गोल दिसत नाही. २० बाय १७.३२ मिमीचं लंबवर्तुळ दिसतं. खरा आकार हवा तर त्या बाजूकडे अगदी समोरून पाहावं लागतं. आज आपण तिरक्या बाजूवर क्लिक करून स्केच सुरू करतो तेव्हा कॅड, म्हणजे संगणकावर आराखडे काढायचं सॉफ्टवेअर, हेच करतं. यामागचा विचार मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचा.

१७६०च्या दशकात फ्रान्समधल्या मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत गणितज्ञ गास्पार मोंज तटबंदीच्या आखणीवर काम करत होते. वस्तू दोन काटकोनी प्रतलांवर उतरवायची आणि त्यातून तिरक्या कडेची खरी लांबी, खरा कोन रचनेनेच काढायचा, ही त्यांची पद्धत. लष्कराने ती वर्षानुवर्षं गुपित ठेवली. १७९५मध्ये पॅरिसच्या व्याख्यानांतून ती सर्वांसमोर आली. ड्राफ्ट्समनचा ऑक्झिलरी व्ह्यू, म्हणजे तिरकी बाजू समोरून दाखवणारं चित्र, याच परंपरेतला.

संगणकाच्या पडद्यावर चित्र काढायचा सुरुवातीचा प्रोग्राम, १९६३चं स्केचपॅड, सपाट रेषांचं होतं. घनाकृतीच जोडायच्या आणि वजा करायच्या, हे १९७०च्या दशकात सुरू झालं. केंब्रिजमध्ये इयान ब्रेड यांच्या बिल्ड या प्रणालीत ठोकळ्यासोबत पाचरही होती. रोचेस्टर विद्यापीठाच्या पाडल-१ या प्रणालीत मात्र ठोकळे आणि दंडगोल अक्षांना समांतरच ठेवता येत. तिरके ठेवायची सोय पाडल-२ने दिली.

ही मर्यादा का, हे समजून घेण्यासारखं आहे. दंडगोल सरळ कापला की वर्तुळ किंवा सरळ रेषा मिळते, तिरका कापला की लंबवर्तुळ. म्हणजे गणित लगेच वाढलं. त्याहून चिवट अडचण आकड्यांची. काटकोनात कोपऱ्याचे निर्देशक नेमके बसतात, पण ३०°चा कोसाइन ०.८६६०२५४... असा संपतच नाही, संगणक तो कुठेतरी तोडतो. मग पिरॅमिडच्या शिखरावर तीन बाजू भेटतात, चौथी केसभर हुकते. माणसाला ते दिसतही नाही, पण मॉडेल बंद आहे की उघडं, हेच प्रोग्रामला ठरवता येत नाही. म्हणून किती फरक चालेल याची मर्यादा, म्हणजे टॉलरन्स, जवळजवळ प्रत्येक सॉलिड मॉडेलरला, म्हणजे घनाकृती घडवणाऱ्या सॉफ्टवेअरला, पाळावीच लागते. माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं आणि सर्वांत कमी बोललं जाणारं काम हेच.

ऑटोकॅड १९८२मध्ये आलं, पण यूसीएस, म्हणजे आपल्याला हवे तसे अक्ष ठरवायची सोय, मिळालं ते १९८८च्या रिलीज १०मध्ये. मूळबिंदू, एक्सची दिशा, वायची बाजू असे तीन बिंदू दाखवले की तिरकी बाजूच जमीन होते. त्याच सुमारास प्रो-इंजिनिअर या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरने कोनालाही बदलता येणारं माप बनवलं. ३०चे ३५ केले की बाजू कलते आणि तिच्यावरचं भोकही सोबत वळतं.

आजही एका सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्यात उघडली की तिरक्या कोपऱ्यांत बारीक फटी सापडतात. दोघांचे टॉलरन्स वेगळे असतात.