ओढ्यातल्या सॅमनने दाखवलेलं विष

अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या पश्चिम भागात लाँगफेलो नावाचा ओढा आहे. बऱ्याच खटपटीनंतर त्याचे काठ सावरले, झाडं लावली, माशांची वाट मोकळी केली. पावसाळी शरद ऋतूत समुद्रातून कोहो जातीचे सॅमन मासे अंडी घालायला परतूही लागले. पण ते तिथेच तडफडून मरत. पाण्याच्या वरच्या थरात तोंड वासून फिरत, तोल जाऊन उलटे होत आणि काही तासांत संपत. मेलेल्या माद्यांच्या पोटात गाबोळी तशीच असे. कोहो सॅमन आयुष्यात एकदाच अंडी घालून मरतो, हे खरं. पण इथे मादीबरोबर तिची पुढची पिढीही जात होती.

संशोधकांनी तापमान, प्राणवायू, रोग, कीटकनाशकं, धातू असं सगळं तपासलं. कशानेच उलगडा होईना. त्याच ओढ्यातल्या चम जातीच्या सॅमनला काहीच होत नव्हतं, म्हणून कोडं आणखीच गुंतागुंतीचं. खूण एकच होती: मोठ्या पावसानंतर, रस्त्यावरचं पाणी ओढ्यात उतरलं की मासे मरायचे.

उत्तर डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. टायरचं रबर हवेतल्या ओझोनने तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी त्याची अभिक्रिया झाली की ६पीपीडी-क्विनोन तयार होतं. टायर झिजतात, त्यांची भुकटी रस्त्यावर साठते आणि पाऊस ती धुऊन नेतो. लिटरभर पाण्यात या विषाचा ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाइतका अंश असला तरी कोहोची निम्मी पिल्लं एका दिवसात मरतात, असं नंतरच्या मोजणीत दिसलं.

हे विष तोवर पाणी तपासणीच्या कुठल्याच यादीत नव्हतं. यंत्र आपण सांगू तेच शोधतं. माशाला मात्र पाण्यात जे असेल ते सगळं सोसावं लागतं. ‘चार माशांसाठी एवढा खर्च कशाला, मत्स्यबीज केंद्रातले मासे आहेतच की’ हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही. शिवाय रानटी सॅमन वासावरून आपल्या जन्माच्या ओढ्यात परततो. तिथल्या पुराशी, थंडीशी त्याचा वंश पिढ्यान्‌पिढ्या जुळलेला असतो. हे जुळणं केंद्रातून आणून ओतता येत नाही. त्याच्या कलेवरातून समुद्रातला नायट्रोजन काठच्या झाडांपर्यंत पोचतो, तो वेगळाच.

उपाय मात्र थक्क करण्याइतका साधा निघाला. रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून झिरपवलं, तर त्यात कोहो जगतात. असे वाफे रस्त्याकडेला करता येतात, पण शहरभर करायचे तर जागा आणि पैसा लागतो. खरी दुरुस्ती टायरमध्येच व्हायला हवी. युरोक, पुयॅलप आणि पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम या आदिवासी राष्ट्रांनी २०२३ मध्ये तशी मागणी केली आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ती विचारार्थ मान्य केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने टायर कंपन्यांवर ६पीपीडीला सुरक्षित पर्याय आहे का, हे तपासण्याचं बंधन घातलं.