अन्न धोरण कक्षाची क्षमतावाढ : प्रकल्प कसा आखतात (बांगलादेशचं उदाहरण)

काही देशांच्या अन्न खात्यात एक छोटासा कक्ष असतो. गोदामं चालवणं, रेशन वाटणं ही त्याची कामं नाहीत. यंदा भात किती पिकलं, बाजारात भाव कुठे चाललेत, सरकारने किती खरेदी करावी, बाहेरून मागवायचं का आणि मागवायचं तर कधी, हे आकड्यांवरून मंत्र्यांना वेळेत सांगणं एवढंच त्याचं काम. हे काम त्या कक्षाला स्वतःच्या माणसांच्या जोरावर जमावं म्हणून काही वर्षांचा, बहुतेक वेळा परदेशी निधीवर चालणारा जो प्रकल्प आखतात तो क्षमतावाढ प्रकल्प, ऑफिसात सगळे कपॅसिटी बिल्डिंगच म्हणतात. आपल्या शेजारात याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे ढाक्यातलं 'खाद्य परिकल्पना ओ परिधारण युनिट', सगळीकडे ओळखतात ते एफपीएमयू या नावाने.

कक्ष लागतोच कशाला

बांगलादेशात १९७४ च्या पुरानंतर दुष्काळ पडला. सरकारी आकडा २६,००० मृत्यूंचा, बाकीचे अंदाज त्याहून कितीतरी मोठे, काही तर दहा लाखांच्या वर जातात. आणि यातली सगळ्यात त्रास देणारी गोष्ट अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिली, ती म्हणजे १९७१ ते १९७५ या पाच वर्षांत दरडोई धान्य सगळ्यात जास्त उपलब्ध होतं ते १९७४ मध्येच. म्हणजे देशात तांदूळ होता, पण पुरामुळे शेतावरची मजुरी बुडालेल्या माणसाकडे तो विकत घ्यायला पैसे नव्हते आणि भाव चढतच होते. फक्त गोदामातली पोती मोजणाऱ्या सरकारला हे दिसणारच नाही. भाव, मजुरी, पेरा, आयात हे सगळं एका टेबलावर आणून बघणारं कुणीतरी लागतं, आणि त्या गरजेतून असे कक्ष उभे राहिले.

एफपीएमयू अन्न मंत्रालयाखाली येतं आणि अन्नमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिमंडळ पातळीवरच्या समितीचं सचिवालय म्हणूनही काम करतं. तिथली भाताची दोन मोठी पिकं म्हणजे बोरो आणि आमन, बोरो एप्रिल-मेमध्ये निघतं, आमन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. त्याआधी ही समिती बसते आणि धान व तांदूळ किती टाका (तिथलं चलन) किलोने घ्यायचा, एकूण किती टन घ्यायचा ते ठरवते. भाव कमी धरला तर गिरणीवाले माल देत नाहीत आणि गोदामं रिकामी राहतात, जास्त धरला तर तिजोरीवर बोजा येतो आणि शहरातल्या गरिबाचा भात महागतो, आणि हे ठरवायला लागणारा उत्पादन खर्चाचा हिशोब, बाजारभावाचा कल, जागतिक भाव हे सगळं टिपण तयार करतो हा कक्ष. शिवाय भाव आणि साठ्याचं रोजचं पत्रक, पंधरवड्याचा आढावा, तिमाही रिपोर्ट चालूच.

आधी काय काय झालं

१९८९ ते १९९४ या काळात अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेच्या, म्हणजे यूएसएडच्या पैशावर, इफ्प्री या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचे अर्थतज्ज्ञ अन्न मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांबरोबर बसून काम करत होते. त्या काळात ग्रामीण रेशनची तपासणी झाली आणि जवळपास ७० टक्के स्वस्त धान्य भलत्यांच्याच हातात जातंय असं निघालं. १९९२ मध्ये ती योजना बंद झाली आणि १९९३ मध्ये शाळेत मूल पाठवणाऱ्या गरीब घराला धान्य द्यायची योजना आली. याच सुमारास खाजगी व्यापाऱ्यांना तांदूळ आयात करायची मोकळीक मिळाली.

या मोकळीकीचं मोल कळलं १९९८ च्या महापुरात. आमन पीक मोठ्या प्रमाणात गेलं, आणि सरकारने शुल्क न वाढवता सीमा उघडी ठेवली, तर व्यापाऱ्यांनी मुख्यतः भारतातून पुढच्या काही महिन्यांत वीस लाख टनांहून जास्त तांदूळ आणला आणि भाव आवाक्यात राहिले. १९७४ पुन्हा झालं नाही. तेव्हाही मंत्रालयात एक संशोधन-सहाय्य प्रकल्प चालू होता आणि पुराच्या काळात भारतातला भाव अधिक वाहतूक खर्च म्हणजे ढाक्यात किती पडेल असे साधे हिशोब करून धोरणकर्त्यांपुढे ठेवले जात होते. माझ्या मते क्षमता म्हणजे नेमकं हेच, फार मोठं मॉडेल नाही तर योग्य आठवड्यात योग्य माणसापुढे ठेवलेला एक खरा हिशोब.

त्यानंतरचा मोठा प्रकल्प म्हणजे राष्ट्रीय अन्न धोरण क्षमता बळकटीकरण कार्यक्रम, २००५ च्या सुमारास सुरू होऊन दोन टप्प्यांत २०१५ पर्यंत चालला. पैसा युरोपियन युनियन आणि यूएसएडचा, अंमलबजावणी एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची, घर एफपीएमयू. २००६ चं राष्ट्रीय अन्न धोरण, त्याचा २००८ ते २०१५ चा कृती आराखडा (यात कामाची २६ क्षेत्रं होती) आणि २०१० चा देशाचा गुंतवणूक आराखडा हे सगळं याच काळातलं.

आखणीला सुरुवात कुठून करायची

बहुतेक आराखड्यांची सुरुवात ट्रेनिंगच्या यादीपासून होते, इतके वर्कशॉप, इतके अभ्यासदौरे, इतके कॉम्प्युटर. हे चुकीच्या टोकाने सुरू करणं आहे. आधी कक्षाचं वर्षाचं कॅलेंडर काढावं, कोणत्या महिन्यात कोणता निर्णय होतो, त्यासाठी कोणतं टिपण जातं, ते कोण लिहितं, आकडे कुठून येतात, आणि गेल्या काही हंगामांत ते टिपण बैठकीच्या आधी पोचलं होतं का नंतर. या एका कागदावरून दिसतं की अडलंय कुठे. कधी माणसाला हिशोब येत नसतो, कधी हिशोब येतो पण आकडाच उशिरा येतो, आणि कधी दोन्ही असून टिपण कुणी वाचतच नाही. तिन्हींवर औषध वेगळं आहे. एफएओ क्षमतेच्या तीन पातळ्या मानते, माणूस, संस्था आणि भोवतालची व्यवस्था, ते याच कारणासाठी.

आकड्यांचंच घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे असतो. बांगलादेशच्या सांख्यिकी ब्युरोच्या घरखर्च पाहणीत माणशी रोजचा तांदूळ २०१० मध्ये ४१६ ग्रॅम निघाला, २०१६ मध्ये ३६७ ग्रॅम आणि २०२२ मध्ये ३२९ ग्रॅम. लोक भात कमी आणि इतर पदार्थ जास्त खायला लागले, चांगलीच गोष्ट आहे. पण कक्षातला अधिकारी देशाची मागणी काढताना जुनाच आकडा धरून बसला तर काय होतं बघा, ४१६ आणि ३६७ मधला फरक ४९ ग्रॅमचा, सोळा कोटी लोक, ३६५ दिवस, म्हणजे वर्षाला अठ्ठावीस लाख टनांच्या वर तफावत! सरकारच्या सगळ्या गोदामांची मिळून क्षमताही त्या काळात याहून कमीच होती. एवढ्याशा फरकाने देश आयात करणार की नाही हे बदलू शकतं. वर उत्पादनाच्या बाजूलाही दोन आकडे, कृषी विस्तार खात्याचा वेगळा आणि सांख्यिकी ब्युरोचा वेगळा, आणि विस्तार खात्याचा बहुतेकदा जास्तच. उत्पादन फुगवलेलं आणि मागणी जुनी, की ताळेबंद काहीही सांगू शकतो.

म्हणून एक्सेल शिकवून प्रश्न सुटत नाही. सांख्यिकी ब्युरो, कृषी खातं आणि अन्न खातं यांना पहिल्या दिवसापासून एका टेबलावर बसवणं, कोणता आकडा कोणत्या कामाला वापरायचा हे लेखी ठरवणं, हे प्रकल्पाच्या आराखड्यात स्वतंत्र काम म्हणून आणि स्वतंत्र बजेटसकट यायला हवं. एफपीएमयूच्या प्रकल्पाने यातला एक चांगला भाग केला, वेगवेगळ्या मंत्रालयांच्या अधिकाऱ्यांचे चार विषयगट बनवले, धान्याची उपलब्धता, लोकांची पोच, पोषण असे विषय वाटून दिले, आणि कृती आराखड्याचा वार्षिक देखरेख रिपोर्ट या गटांकडून करून घेतला. अन्न मंत्रालयाला एकट्याने बाळांचं पोषण किंवा मासळीचं उत्पादन बघता येत नाही, तो अधिकारच त्यांचा नाही, त्यामुळे हे गट म्हणजे शोभेची समिती नसून कामाचा कणा होते.

माणसं

सरकारी अधिकाऱ्याची बदली होते, हे वास्तव धरूनच आखणी करावी लागते. खास ट्रेनिंग दिलेला माणूस दुसऱ्या खात्यात गेला की कक्ष पुन्हा शून्यावर, आणि मग प्रकल्पाचे कन्सल्टंटच टिपणं लिहायला लागतात, पगार चांगला, इंग्रजी चांगलं, काम वेळेवर, सगळे खूश. प्रकल्प संपला की कन्सल्टंट जातात आणि टिपणंही थांबतात. यावर उपाय आहेत आणि ते आराखड्यातच घालावे लागतात. प्रत्येक कन्सल्टंटबरोबर कक्षातला एक ठराविक अधिकारी बांधलेला असावा, रिपोर्ट अधिकाऱ्याच्या नावाने निघावा, पहिल्या वर्षी कन्सल्टंटने लिहायचं आणि अधिकाऱ्याने बघायचं, शेवटच्या वर्षी उलटं. हिशोबाची पद्धत डोक्यात न ठेवता पायरीपायरीने लिहून ठेवावी म्हणजे नवा आलेला माणूस बोरोच्या हंगामाआधी तयार होतो. आणि मंजूर पदं किती, त्यातली भरलेली किती हा प्रश्न पैसे देणाऱ्यांनी करार व्हायच्या आधी विचारावा, नंतर नाही.

क्षमता फक्त कक्षाच्या भिंतींच्या आत वाढवायची नसते हाही धडा ढाक्यातूनच मिळतो. त्या प्रकल्पातून देशातल्या विद्यापीठांना आणि संस्थांना संशोधनासाठी अनुदान दिलं गेलं. ढाका विद्यापीठाच्या पोषण संस्थेने २०१३ मध्ये बांगलादेशी अन्नपदार्थांचा पोषण तक्ता काढला तो याच मदतीने, आणि त्याच वर्षी बर्डेम या ढाक्यातल्या मधुमेह रुग्णालय-संशोधन संस्थेने आहार मार्गदर्शिका काढली तीही. प्रकल्प संपून गेला तरी तो तक्ता पोषणाचे विद्यार्थी, डॉक्टर, पाहणी करणारे वापरतात. मला वाटतं पूर्ण प्रकल्पात रुपयाला रुपया सगळ्यात जास्त टिकलेली गोष्ट हीच असावी.

मोजायचं काय

प्रकल्पाला लॉगफ्रेम लागतो, म्हणजे उद्दिष्ट, परिणाम, काम आणि प्रत्येकाचं मोजमाप यांचा चौकटीतला तक्ता, १९७० च्या आसपास यूएसएडमधून आलेली पद्धत. तक्ता वाईट नाही, त्यात भरलेलं मोजमाप वाईट असतं. 'दीडशे अधिकाऱ्यांना ट्रेनिंग दिलं' हे मोजायला सोपं आणि बिनकामाचं. त्याऐवजी खरेदीभावाचं टिपण कापणीच्या किती दिवस आधी समितीपुढे गेलं, समितीच्या इतिवृत्तात त्यातला आकडा आला का, पंधरवड्याचा आढावा वर्षात किती वेळा चुकला, कन्सल्टंटच्या मदतीशिवाय किती रिपोर्ट निघाले, हे मोजावं.

आणि कधीकधी क्षमतेचा परिणाम सरळ पैशातही दिसतो. २००७-०८ च्या जागतिक भाववाढीनंतर श्रीमंत देशांनी अन्नसुरक्षेसाठी जो निधी काढला त्याच्या पहिल्याच फेरीत, जून २०१० मध्ये, हैती, रवांडा, सिएरा लिओन आणि टोगो यांच्याबरोबर बांगलादेशला पाच कोटी डॉलर मिळाले. १२ कार्यक्रमांचा गुंतवणूक आराखडा वेळेत हातात होता, हे त्यामागचं मोठं कारण मानायला हरकत नाही.

जिथे कक्षाचा हात पोचत नाही

२०१७ च्या मार्च-एप्रिलमध्ये ईशान्येकडच्या हाओर या सखल, पाणथळ भागात अचानक पूर येऊन उभं बोरो पीक पाण्याखाली गेलं. सरकारी तांदळाचा साठा जूनपर्यंत दोन लाख टनांच्या खाली आला होता. शेतकऱ्याला संरक्षण म्हणून आयातीवर २८ टक्के शुल्क होतं, ते जूनमध्ये १० वर आणि ऑगस्टमध्ये २ वर आणलं, तोवर भाव चढून गेलेले. साठा घसरतोय हे रोजच्या पत्रकात दिसतच होतं. पण शुल्क ठरवणं महसूल मंडळाच्या हातात, आयात परवाने दुसऱ्यांच्या, अन्न खात्याचा कक्ष सांगू शकतो, करू शकत नाही. १९९८ मध्ये जे लवकर झालं ते २०१७ मध्ये उशिरा झालं, आणि मधल्या काळात कक्षाचं ट्रेनिंग तर कितीतरी वाढलं होतं. त्यामुळे आखणी करतानाच अर्थ आणि वाणिज्य खात्यांशी पक्का ठराव करून घ्यावा, साठा अमुक पातळीखाली गेला की शुल्कावर अमुक दिवसांत बैठक, कुणाच्या मर्जीवर न सोडता.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं आहे. २९ सप्टेंबर २०१९ ला भारताने कांदा निर्यात बंद केली, लासलगावला शेतकरी चिडले आणि तिकडे ढाक्यात नोव्हेंबरपर्यंत कांदा किलोला २०० टाकाच्या वर गेला. कांदा तिथे वाणिज्य मंत्रालयाकडे, धान्य अन्न मंत्रालयाकडे. नाशिकला पाऊस लांबला, आवक घटली, हे महिनाभर आधी कळू शकत होतं, शेजारी देशाच्या बाजार समित्यांचे भाव रोज छापून येतात. धान्यापलीकडचे पदार्थ आणि सीमेपलीकडचे बाजार हे दोन्ही देखरेखीत धरायचे तर कक्षाचा अधिकार कागदावर वाढवून घ्यावा लागतो, नुसती आवड असून भागत नाही.

पैसे संपल्यावर

२०१५ नंतर त्याच दोन देणगीदारांच्या पैशावर एफएओचाच पुढचा प्रकल्प आला, भर कुपोषणावर, आणि त्याच्या काळात २०२० चं राष्ट्रीय अन्न व पोषण सुरक्षा धोरण झालं. एका प्रकल्पाला जोडून दुसरा येत राहिला तर कक्ष चालतो, पण स्वतःच्या पायावर उभा आहे का ते कळतच नाही. बांगलादेशात सरकारी खर्चाचे दोन भाग असतात, विकास बजेट आणि राजस्व बजेट. प्रकल्पाची पदं विकास बजेटमधली, म्हणजे मुदतीची, तर राजस्वमधली कायमची. क्षमतावाढीच्या आराखड्यात कोणती पदं कोणत्या वर्षी विकासमधून राजस्वमध्ये जाणार याचा तक्ता, अर्थ मंत्रालयाच्या सहीसकट, पहिल्या वर्षातच लागतो, कारण शेवटच्या वर्षी मागितला तर फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरेपर्यंत माणसं दुसरी नोकरी शोधून गेलेली असतात.