सायकलची केबल (बोडन केबल)

हँडलवरच्या ब्रेकच्या मुठीची किंवा शिफ्टरची (गिअर बदलण्याच्या खटक्याची) हालचाल ब्रेकपर्यंत वा डिरेलरपर्यंत (साखळी एका दातेरी चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागापर्यंत) नेणारी, नळीतून सरकणारी पोलादी तार. तारेला ‘इनर’ व नळीला ‘आउटर’ म्हणतात. पुण्यात दुकानात मागताना दोन्हींना मिळून नुसते ‘वायर’ म्हटले जाते. आउटर म्हणजे तारेवरचे नुसते वेष्टन, हा समज बरोबर नाही. तार जितक्या जोराने ओढली जाते तितक्याच जोराने आउटर आपल्या दोन टोकांमध्ये दाबले जाते. ओढ तार सोसते, दाब आउटर सोसते. केबल तोडण्याचे व बसविण्याचे बहुतेक नियम यातूनच निघतात.

शोधाचे श्रेय : याबाबत मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात हे श्रेय रॅली सायकल कंपनीचे संस्थापक सर फ्रँक बोडन यांना दिलेले आढळते. १९०२ च्या सुमारास त्यांनी ब्रेकच्या ताठ सळ्या काढून त्यांच्या जागी लवचीक तार आणली, असे सांगतात. परंतु त्याला समकालीन पुरावा नाही. पेटंट आहे ते अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन या लंडनमध्ये राहणाऱ्या आयरिश संशोधकाच्या नावे. ब्रिटिश पेटंट १८९६ चे असून अमेरिकी पेटंट (क्र. ६०९५७०) १८९८ मध्ये मिळाले. दोघा बोडनांचे जवळचे नाते असल्याचे दिसत नाही. आडनाव एक, काळ एक आणि दोघांचाही संबंध सायकलीशी, यामुळे घोटाळा झाला असावा. जॉर्ज फ्रेडरिक लार्किन या अभियंत्याचे नावही काही जण पुढे करतात, मात्र त्यांचे काम विसाव्या शतकाच्या आरंभीचे, म्हणजे नंतरचे आहे. तारेने दुरून काही ओढणे ही कल्पना जुनीच होती. वाकते पण दाबाने आखडत नाही अशी नळी तिला जोडणे हे या यंत्रणेतले नवे पाऊल होते. ते लक्षात घेतले तर अर्नेस्ट बोडन यांचा हक्क सर्वांत सबळ ठरतो.

भारतात सळीचे ब्रेक फार काळ टिकले. पुणे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जाई त्या काळातल्या २८ इंची काळ्या सायकलींवर बहुधा तेच असत. त्यांत रबराचे ठोकळे वर ओढले जाऊन रिमच्या आतल्या बाजूला टेकतात. पुण्यातल्या अनेक हातांना केबलची सवय लागली ती स्कूटरमुळे : आकुर्डीत १९७२ पासून तयार होऊ लागलेल्या बजाज चेतकचा क्लच आणि गिअरसुद्धा डाव्या मुठीतून निघालेल्या तारांवर चालत.

आउटरचे प्रकार : ब्रेकचे आउटर (जाडी सु. ५ मिमी.) चपट्या पोलादी पट्टीच्या वेटोळ्यांचे असते. ते वाकवले की बाहेरच्या बाजूची वेटोळी किंचित विलग होतात, त्यामुळे आउटरची प्रत्यक्ष लांबी थोडी बदलते. ब्रेकला हे चालते. क्रमदर्शी, म्हणजे एका ‘टक’ला एक गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला चालत नाही. शिमानो या जपानी कंपनीने १९८४ मध्ये आपल्या ड्युरा-एस या सुट्या भागांच्या संचात अशी यंत्रणा आणली, आणि तिच्यासोबत आउटरचा प्रश्न ऐरणीवर आला. आठ चकत्यांच्या मागच्या संचात दोन चकत्यांमधले अंतर सु. ४.८ मिमी. असते. त्यासाठी शिफ्टर तार सु. २.८ मिमी. ओढतो आणि डिरेलर ती हालचाल सु. १.७ पट करतो. म्हणजे आउटर अर्धा मिमी. जरी आखडले तरी साखळी जवळजवळ एक मिमी.ने चुकते. यावर उपाय म्हणून गिअरच्या आउटरमध्ये (सु. ४ मिमी.) वेटोळ्यांऐवजी लांबीच्या दिशेने बारीक तारा घातल्या जातात. त्या आखडत नाहीत. परंतु त्यांना एकत्र धरून ठेवते ते बाहेरचे प्लॅस्टिकच, म्हणून गिअरचे आउटर ब्रेकला कधीही वापरू नये. ब्रेक करकचून दाबला की तारा प्लॅस्टिक फाडून बाहेर येतात, आणि सिंहगडाच्या उतारावर हे जिवावर बेतू शकते. इनरही निराळी असते : ब्रेकची १.५ ते १.६ मिमी., गिअरची १.१ ते १.२ मिमी.

तोडणी : लांबी जुन्या आउटरवरून घेतात, पण जुनेच चुकीचे असल्यास चूक पुढे चालू राहते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे; आउटर ताणले जाऊ नये आणि त्याला मोडही पडू नये. तोडायला केबल कटरच हवा. साध्या पकडीने आउटर चेपते आणि इनरचे टोक पिंजारते. आउटर तोडताना आत जुन्या तारेचा तुकडा घातला तर अस्तराची (आउटरच्या आतली प्लॅस्टिकची) नळी दबत नाही. ब्रेकच्या आउटरचे तोडलेले टोक नीट पाहिले की शेवटच्या वेटोळ्याची एक अणकुची आत वळलेली दिसते. तीच पुढे तारेला खरवडते. ती कापून टाकावी, टोक कानशीने काटकोनात सपाट करावे आणि टोच्याने अस्तराचे तोंड पुन्हा गोल करावे. तिरके टोक टोपीत (आउटरच्या टोकावर बसणाऱ्या छोट्या टोपणात) एका कडेवर टेकते, भार आला की दबून सपाट होते, आणि ब्रेक ‘मऊ’ लागतो. गिअरच्या आउटरला दोन्ही टोकांना टोपी हवीच.

बसवणी : गिअरची तार जोडताना साखळी सर्वांत लहान चकतीवर आणि शिफ्टर त्याच गिअरवर असावा. तार पकडीने ताणून तिला धरणारा डिरेलरवरचा नट आवळावा. जादा टोक ३ ते ५ सेंमी. ठेवून मगच तोडावे आणि त्यावर तारेची छोटी टोपी चेपावी. ब्रेकची तार बसवली की मूठ दहाबारा वेळा जोरात दाबतात. नव्या केबलला काही दिवसांत ढिलाई येते तेव्हा ‘तार ताणली’ असे म्हटले जाते. वस्तुतः बहुतेक ढिलाई आउटरची टोके टोप्यांत घट्ट बसल्याने येते. तारेचे कायमचे ताणणे अगदी थोडे असते. टोके सपाट तोडली असतील तर ही ढिलाईही फार कमी येते.

घर्षण तारेच्या एकूण वळणावर अवलंबून असते. घर्षणांक ०.१ धरला तर १८० अंशांच्या वळणात सु. २७ टक्के ओढ वाया जाते, ०.२ धरला तर सु. ४७ टक्के. अस्तर असलेल्या आउटरमध्ये दाट ग्रीस भरू नये, धूळ बसून त्याची लुकणासारखी चिकट लगदी होते. जुन्या, बिनअस्तराच्या आउटरला शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब पुरतात. पावसाळ्यात सर्वांत आधी खराब होते ते मागच्या डिरेलरजवळचे छोटे वळण. चाकाने उडवलेला चिखल त्यावरच बसतो आणि पाणी त्याच्या खालच्या भागात साचते. तारेचे दुसरे नाजूक ठिकाण शिफ्टरमध्ये अडकणाऱ्या तिच्या टोकाच्या बोंडाजवळ असते. तेथे एकेक बारीक तार आत तुटत जाते आणि बाहेरून फक्त गिअर नीट पडत नाही एवढेच जाणवते. अशी तार ॲडजस्टर (ताण कमीजास्त करण्याचा स्क्रू) फिरवून सुधारत नाही, ती बदलावी लागते.