जुन्या कॉम्प्युटरच्या फाइली न्यायच्या कशावर?

"६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह घेतलोय की ओ, तरी जुना कॉम्प्युटर घेईना झालाय बघा!" खानापूर-निपाणीकडचे प्रेसवाले असोत की शाळेचे क्लार्क, ही तक्रार आमच्या दुकानात सारखी येते. पेनड्राइव्ह चांगलाच असतो. आत फाइली ठेवायची त्याची पद्धत जुन्या मशिनला कळत नाही. मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट नावाच्या नव्या पद्धतीचे येतात. विंडोज एक्सपीत त्यासाठीचा अपडेट नसेल तर पडद्यावर प्रश्न येतो : डिस्क फॉरमॅट करायची का? तिथे चुकूनही 'येस' दाबू नका. पेनड्राइव्ह काढून नव्या कॉम्प्युटरला लावा, फाइली जागच्या जागी दिसतील.

म्हणून घ्यायच्या आधी जुना कॉम्प्युटर कोणता ते सांगा. एक्सपी असेल तर ८ किंवा १६ जीबीचा, फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह पुरे. मोठा विकून आम्हाला चार पैसे जास्त मिळतील, पण तुमचं काम अडेल. फॅट३२वर ४ जीबीहून मोठी फाइल मात्र बसत नाही, लग्नाच्या व्हिडिओचे तुकडे करावे लागतात.

विंडोज ९८ला पेनड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर नव्याकडून जुन्याकडे न्यायला ७०० एमबीची सीडी-आर बरी. जुन्यातून बाहेर काढायचं असेल आणि त्यात सीडी रायटर नसेल, तर हार्डडिस्कच सोडवून आणा. नव्या कॉम्प्युटरला जोडणाऱ्या कन्व्हर्टरवर लावून आम्ही फाइली उतरवून देतो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत काही जुन्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशिनना अजून फ्लॉपीच लागते. तिच्यात १.४४ एमबीच मावतात, पण प्रोग्रॅमला तेवढे भरपूर होतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या फ्लॉपीला बुरशी धरते. पत्र्याचं झाकण बोटाने सरकवा, मागची चकती हळू फिरवत आतली काळी तबकडी उजेडात बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. हेडला घाण चिकटते आणि पाठोपाठ घातलेली चांगली फ्लॉपीही खरवडते. तशीच आमच्याकडे आणा.

प्रेसवाल्यांना एक कळकळीची विनंती. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमधल्या पत्रिका, अहवाल आणताना विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधले तुमचे मराठी फॉन्टही आणा. ते जुने फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीचे नव्हेत. नव्या कॉम्प्युटरवर ते नसले की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. कितीतरी जण फाइल बिघडली समजून ती पुसून टाकतात, आणि वर्षानुवर्षांचं काम जातं. जमेल तिथे पीडीएफही काढून ठेवा.

फाइली नेताना 'कट' नको, 'कॉपी'च करा. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत असताना तो उपसू नका. नव्या मशिनवर दोन-चार फाइली उघडून बघा, मगच जुन्यावरच्या पुसा.

कॉम्प्युटर उचलून आणणं होत नसेल तर त्याच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून आणा. कुठली पिन बसते ते बघून काय घ्यायचं ते सांगू.