रोलर कॅम टाकला म्हणून ब्राँझचाच गियर लागतो असं कुणी सांगितलं?

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत गियर कापणाऱ्यांची कमी नाही, हीट ट्रीटमेंट कळणारी माणसंही ढिगाने आहेत, तरी कुणी जुनं अमेरिकन व्ही-८ इंजिन, शेवरलेचं ३५० नाहीतर फोर्डचं ३०२, उघडून त्यात रोलर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; त्याच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यांवर, टेकणाऱ्या टॅपेटला चाक असतं) बसवायला घेतला की चहा यायच्या आत ठरलेलं वाक्य येतंच, "रोलर आहे ना, मग डिस्ट्रिब्युटरला ब्राँझचा गियर टाक, डोळे झाकून." (डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग, तो कॅमवरच्या गियरने फिरतो.) शेजारी बसलेल्याला ते पटत नाही, तो म्हणणार ब्राँझ टिकत नाही, स्टीलचाच घाल. मग दोघं तासभर भांडणार आणि कॅम तिथेच टेबलावर कागदात गुंडाळलेला, त्याच्याकडे कुणी बघणार नाही. अरे, गियर कशाशी घासणार आहे? टॅपेटशी की कॅमशी?

फ्लॅट टॅपेटचं (बुडाला चाक नसलेल्या जुन्या टॅपेटचं) पटकन उरकतो, ते सगळ्यांना पाठ आहे. ज्यांनी विलीजच्या जीपचं इंजिन खोललंय त्यांनी कॅमवरचा तिरप्या दातांचा गियर आणि त्याला लागलेला ऑइल पंपाचा गियर पाहिलेलाच असतो. शेवरलेच्या व्ही-८ मध्ये गियर डिस्ट्रिब्युटरच्या बुडाला असतो आणि त्याच शाफ्टच्या टोकाला पंपाचा दांडा अडकतो, एवढाच फरक. कॅमला एक फेरा, डिस्ट्रिब्युटरला एक फेरा. या व्ही-८ च्या फ्लॅट टॅपेट जमान्यात कॅम सीआयचा (कास्ट आयर्न, म्हणजे बिडाचा), गियर पण सीआयचा, वर्षानुवर्षं चालतंय, कुणाची तक्रार नाही. विषय संपला.

आता खरी गोची. रोलर म्हटलं की चाक आहे ते टॅपेटच्या बुडाला. ते चाक लोबवर एका बारीक रेषेवर टेकतं, वरून स्प्रिंगा कडक, त्यामुळे त्या रेषेवर प्रेशर प्रचंड येतं आणि साध्या सीआयच्या लोबला ते झेपत नाही. म्हणून रोलर कॅमला वेगळा धातू लागतो. इथपर्यंत बरोबर. इथून पुढे लोक उडी मारतात की वेगळा धातू म्हणजे स्टील, स्टील म्हणजे बिलेट (न ओतता अखंड रॉडमधून कापलेला), बिलेट म्हणजे ब्राँझ गियर. या साखळीतली एकही कडी पक्की नाही.

रोलर कॅम बाजारात निदान तीन तऱ्हांचे मिळतात आणि तिन्ही खोक्यांवर 'रोलर' एवढंच मोठ्या अक्षरात असतं. पहिला खरा बिलेट स्टीलचा, म्हणजे ८६२० सारखं स्टील कार्बुराइज केलेलं (वरच्या थरात कार्बन मुरवून कडक केलेलं, आपल्याकडे ईएन-३५३ स्टीलचं जे करतात त्याच जातीचं काम), नाहीतर ५१५० सारखं मध्यम कार्बनचं, इंडक्शनने हार्डन केलेलं. दुसरा एसजी आयर्नचा (गोल ग्रॅफाइटचं चिवट बीड), ऑस्टेम्पर नावाची हीट ट्रीटमेंट केलेला, हायड्रॉलिक रोलरमध्ये (ऑइलच्या जोरावर आपोआप क्लिअरन्स भरणाऱ्या टॅपेटच्या प्रकारात) हा भरपूर सापडतो, आणि हा शेवटी बिडाच्याच घराण्यातला आहे राव, त्याला बऱ्याचदा साधा सीआय गियर चालतो, कॅम बनवणारेच तसं लिहून देतात. तिसरा सगळ्यात फसवा, कॅम स्टीलचा पण मागचा गियर सीआयचा वेगळा करून त्यावर प्रेस केलेला, मुद्दाम, साधा गियर चालावा म्हणून. त्याला सीआय गियर लावा आणि विसरून जा. आता तिघांनाही डोळे झाकून ब्राँझ लावला तर दोघांच्या बाबतीत तुम्ही विनाकारण झिजणारा पार्ट विकत घेतला.

अजून पटत नसेल तर फोर्डने मस्टँगच्या ५.० ला (तेच ३०२ इंजिन) १९८५ साली रोलर कॅम दिला तेव्हा डिस्ट्रिब्युटरला गियर स्टीलचाच दिला होता, ब्राँझचा नाही. शेवरलेचं स्मॉल ब्लॉक (३५० चं खानदान) गाड्यांमध्ये १९८७ पासून रोलरवर गेलं, तिथेही फॅक्टरीच्या कॅमला मेलोनाइज केलेला (वरचा थर कडक केलेला, पुढे सांगतो) स्टील गियर चालतो. ज्यांना लाखांनी गाड्या विकून वॉरंटी द्यायची होती त्यांनी ब्राँझ उचलला नाही, यावरून काय ते समजा.

आता धातूची जोडी इतकी का बघायची? गिअरबॉक्समध्ये दोन हार्डन स्टील गियर सुखाने फिरतात, मग इथेच काय बिघडलं, असं एका शहाण्या गियरवाल्याने मला विचारलं होतं आणि प्रश्न चांगला आहे. गिअरबॉक्समधले शाफ्ट समांतर असतात, दात एकमेकांवर लोळतात आणि पूर्ण रुंदीवर टेकतात. इथे कॅम आडवा, डिस्ट्रिब्युटर उभा, काटकोनात. अशा दोन तिरप्या गियरचे दात नवे असताना जवळजवळ एका ठिपक्यावर टेकतात आणि लोळण्यापेक्षा दाताच्या लांबीवर घसरतच जातात. ठिपक्याएवढ्या जागेत सगळा लोड आणि वर घासाघीस, त्यात ऑइलची फिल्म टिकायची कशी? म्हणून नुसता कडकपणा पुरत नाही, कुठला धातू कुठल्या धातूला चिकटत नाही ते बघावं लागतं. सीआयमध्ये ग्रॅफाइट असतो, तो स्वतःच थोडं वंगण पुरवतो, म्हणून सीआयवर सीआय गुण्यागोविंदाने नांदतं. मऊ स्टीलवर स्टील घासलं तर दात एकमेकांना धरतात, सोलतात, खातात. कार्बुराइज केलेल्या बिलेटवर साधा सीआय गियर लावला तर गियरचं पीठ होतं आणि ते पीठ ऑइलमधून इंजिनभर फिरतं. उलट सीआयच्या कॅमवर कुणी हौसेने केस हार्डन केलेला गियर लावला तर कॅमचे दात जातात, आणि मग पाचशे-हजाराचा प्रश्न राहत नाही, पूर्ण इंजिन खाली.

ब्राँझचं गणित यातच आहे. सहाणेवर चंदन उगाळलं की झिजतं चंदन, सहाण नाही. ब्राँझ गियर हा झिजण्यासाठीच आहे, कॅम वाचावा म्हणून तो बळी जातो. रेसच्या इंजिनाला हे उत्तम आहे, कारण ते दर थोड्या दिवसांनी उघडतातच. पण रोज गंगापूर रोडने ये-जा करणाऱ्या नाहीतर रविवारी कसारा घाट उतरणाऱ्या गाडीला झिजणारा गियर कशाला? तो झिजला की आधी टायमिंग रिटार्ड होत जातं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते, तुम्ही बिचारे कार्बोरेटर सेट करत बसता, आणि दात पूर्णच गेले तर इग्निशनबरोबर ऑइल पंपही थांबतो. इंजिन बंद पडलं तर नशीब समजा, घाटात उतारावर गाडीनेच इंजिन फिरवत ठेवलं आणि पंप बंद, तर बेअरिंगची काय हालत होईल सांगायला नको.

त्या गियरवर खरा लोड डिस्ट्रिब्युटरचा नसतोच, रोटर फिरवायला कितीशी ताकद लागते. लोड ऑइल पंपाचा. आणि आपल्याकडे परफॉर्मन्स म्हटलं की हाय व्हॉल्यूम पंप घातल्याशिवाय लोकांना झोप येत नाही, वर प्रेशर वाढवायला कडक रिलीफ स्प्रिंग, वर २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल. जानेवारीत निफाडला पारा पाचच्या आसपास जातो तेव्हा सकाळी ते ऑइल मधासारखं असतं, स्टार्ट केल्याबरोबर लगेच रेस दिली की सगळा जोर त्या ठिपक्याएवढ्या जागेवर. स्टँडर्ड क्लिअरन्सच्या इंजिनाला स्टँडर्ड पंप पुरतो, एवढं ऐकलं तरी निम्मे गियर वाचतील.

मग मी काय लावतो? रस्त्यावरची गाडी असेल तर कॅम घेतानाच एसजी आयर्नचा नाहीतर सीआय गियर प्रेस केलेला निवडायचा, किंवा ज्याच्या कार्डावर (खोक्यातल्या माहितीच्या कागदावर) मेलोनाइज गियर चालेल असं स्पष्ट लिहिलंय तो. मेलोनाइज म्हणजे काही जादू नाही, अंबडला क्रँकशाफ्टला टफ्ट्रायडिंग करून देतात ना, तेच खानदान, मिठाच्या बाथमध्ये साधारण ५७०-५८० डिग्रीला नायट्रोजन-कार्बन वरच्या थरात मुरवायचा. वरचा थर कडक आणि न चिकटणारा होतो, पण तो मायक्रॉनमध्ये असतो, म्हणून असा गियर बसवताना दात 'जरा बसवून घेतो' म्हणून लॅपिंग पेस्ट लावणाऱ्याच्या हातातून गियर काढून घ्यावा. सॉलिड रोलर (हायड्रॉलिक नसलेला) आणि कार्बुराइज केलेला बिलेट असेल तर मात्र ब्राँझ लावा आणि तो तपासत राहायची तयारी ठेवा. कंपोझिट प्लास्टिकचे गियर पण येतात, ते सगळ्या कॅमला चालतात, महाग आहेत, पण बिलेटवाल्या रस्त्याच्या गाडीला पैसे असतील तर मी तेच सुचवीन.

आणि एक विनंती, गनमेटलच्या बुशच्या रॉडमधून गियर काढून 'ब्राँझच आहे' म्हणून देऊ नका. या कामाचे ब्राँझ गियर सहसा ॲल्युमिनियम ब्राँझचे असतात, त्याची ताकद वेगळीच. तसंच जुना झिजलेला गियर नमुना म्हणून हॉबिंगला (गियर कापायच्या मशीनवर) द्यायचा आणि ईएन-८ या मध्यम कार्बनच्या साध्या स्टीलमध्ये कापून आणायचा, हा तर आपल्या गावचा आवडता उद्योग. झिजलेल्या दाताची कॉपी म्हणजे झीजच कापून आणली, आणि ईएन-८ कच्चाच लावला तर वर सांगितलं तसं मऊ स्टीलवर स्टील.

कॅमचं कार्ड हरवलं असेल, आणि सेकंडहँड मालात ते हरवलेलंच असतं, तर कॅम उजेडात धरा. दोन लोबच्या मधला भाग बघा. तिथे ओतकामाचा खडबडीतपणा, साच्याची जोडरेषा दिसली तर तो बिडाच्या जातीचा. सगळीकडे लेथच्या बारीक रेघा, गुळगुळीत मशीन केलेलं असेल तर बिलेट. काही कार्बुराइज केलेल्या कॅमवर मध्ये तांबूस झाक दिसते, जिथे कडक करायचं नव्हतं तिथे तांब्याचा थर दिलेला असतो. मग मागच्या गियरपाशी नख फिरवा, प्रेस केलेला असेल तर बारीक सांधा लागतो आणि रंगही जरा वेगळा असतो. दोरीने टांगून हलकं ठोकलं तर स्टील घंटेसारखं वाजत राहतं, साध्या बिडाचा आवाज लवकर मरतो, एसजी आयर्न मात्र बरंचसं स्टीलसारखंच वाजतं. मॅग्नेट लावून बघणाऱ्यांनी कृपया लांब राहावं, दोन्हीला चिकटतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. शेवरलेला डिस्ट्रिब्युटरचा ओरिजिनल शाफ्ट ०.४९१ इंचाचा, बाहेरचे बरेच डिस्ट्रिब्युटर ०.५०० चे, मोजून घ्या, ठोकून बसवू नका. नव्या कॅमवर जुना गियर नको. शेवरलेच्या नंतरच्या एलएस इंजिनला डिस्ट्रिब्युटरच नसतो, त्यांनी हे वाचून वेळ घालवला.

शेवरलेचं हेड किंवा ब्लॉक फेस करून (वरचा पृष्ठभाग घासून सपाट करून) आणलेला असेल तर मात्र थांबा, कारण इनटेक मॅनिफोल्ड खाली बसतो, त्याबरोबर डिस्ट्रिब्युटर खाली बसतो आणि शाफ्ट पंपाच्या दांड्यावर टेकून राहतो. मग कुठल्याही धातूचा गियर घाला, खाणारच, आणि शिव्या धातूला. पंपाच्या दांड्याला हाताने वर-खाली खेळ आहे ना बघा, नसेल तर डिस्ट्रिब्युटरखाली शिम (पातळ चकती) द्या. बसवताना दातांना मॉलीची (मॉलिब्डेनमवाली) पेस्ट चोपडा, आणि पहिल्या ऑइल चेंजला डिस्ट्रिब्युटर उपसून दात बघा. दाताच्या मधोमध चकचकीत पट्टा पडला असेल तर परत ठेवून द्या. पट्टा एका कडेला सरकलेला असेल तर उंची चुकलीय, शिम परत मोजा. दाताचा माथा सुरीसारखा धारदार झाला असेल तर गियर टाकून द्या आणि त्याच भोकातून टॉर्च मारून, इंजिन हाताने फिरवत, कॅमचे दात एकेक करून बघा.