पन्हाळा ते विशाळगड भुयार होतं का?

"पन्हाळ्यावरून थेट विशाळगडापर्यंत भुयार आहे, आता बुजवलंय" असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. गोष्ट भारी आहे, ऐकून कुणालाही खरी वाटेल, पण तसं भुयार नव्हतं.

आधी इतिहासच बघा ना. जुलै १६६० मध्ये महाराज आदिलशाही वेढ्यातून निसटले ते रात्री, भर पावसात, जंगलवाटेने, आणि पाठलाग अडवायला घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, किती मावळे पडले. भुयार असतं तर हे सगळं कशाला करावं लागलं असतं?

दुसरं म्हणजे सरळ रेषेत धरलं तरी चाळीसेक किलोमीटर अंतर, मधे दऱ्या न् ओढे, म्हणजे भुयार दरीच्याही खालून न्यावं लागणार, तेही काळ्या कातळात छिन्नी-हातोड्याने, मग आत हवा कुठून, झिरपणारं पाणी काढणार कसं आणि दगडांचा ढीग टाकला कुठे? मोबाईलवर मॅपचा टेरेन व्ह्यू लावा, दऱ्या लगेच दिसतील.

मग लोकांनी पाहिलं काय? पन्हाळ्यावरची तीन मजली अंधारबाव बघा, तळाला विहीर आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पडायची चोरवाट. वाट खरीच आहे, फक्त ती तटापलीकडे संपते. आणि वेढ्यातही पाणी हातचं जाऊ नये म्हणून विहिरीवरच असं बांधकाम करणं, मला तर हेच जास्त थोर वाटतं.